वाऱ्याचे कलम बदलले तर कोकणातल्या घरावर किती भार पडेल?

प्रश्न असा आला आहे: गुहागर-दापोली भागात घरांचे आराखडे करणाऱ्या काही तरुण अभियंत्यांना राष्ट्रीय इमारत संहितेत एक बदल सुचवायचा आहे. वाऱ्याच्या तरतुदींमध्ये पूर्व किनारा आणि गुजरातचा किनारा चक्रीवादळाचा पट्टा म्हणून वेगळा धरला आहे, तसा कोकण किनाराही धरला जावा, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यावर गावातूनच आक्षेप निघाला, की नियम कडक झाले तर साध्या माणसाला घर बांधणे परवडणार नाही. अशा बदलाचा परिणाम नेमका कसा मोजावा आणि समितीपुढे कसा मांडावा, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

तुमच्या सूचनेमागची तळमळ रास्त आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्याला लागले, ३ जून २०२० रोजी निसर्ग श्रीवर्धनच्या परिसरात जमिनीवर आले, आणि मे २०२१ मध्ये तौक्ते सिंधुदुर्गापासून वर किनाऱ्याला समांतर सरकत गुजरातेत गेले. एवढे झाल्यावर पश्चिम किनाऱ्यावर चक्रीवादळाची चिंता फक्त गुजरातने करावी, ही मांडणी पुन्हा तपासली गेली पाहिजे. मात्र सूचना पाठवण्यापूर्वी मूळ कलम शब्द न् शब्द वाचा, कारण तुम्ही आणि तुमचे आक्षेपक दोघेही या बदलातून जे घडेल असे धरून चालला आहात, ते प्रत्यक्षात घडणार नाही.

आयएस ८७५, भाग ३ (इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचे भारतीय मानक) च्या २०१५ च्या आवृत्तीत चक्रीवादळाच्या पट्ट्यासाठी इमारतीच्या महत्त्वानुसार बदलणारा गुणांक दिला आहे, ज्याला आपण बोलताना के-चार म्हणतो. किनाऱ्यापासून साधारण ६० किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात तो लागू होतो. वादळानंतर ज्या इमारती चालू राहिल्याच पाहिजेत, म्हणजे निवारे, रुग्णालये, शाळा, दळणवळणाचे मनोरे, त्यांना १.३०; औद्योगिक इमारतींना १.१५, आणि बाकी सर्व इमारतींना १.०० असे त्याचे मूल्य आहे. राहते घर या शेवटच्या वर्गात पडते. म्हणजे उद्या कोकण या पट्ट्यात आले, तरी के-चारमुळे घरावरचा वाऱ्याचा हिशेब तसूभरही बदलत नाही. बदलतो तो दुसऱ्याच एका कलमामुळे. वाऱ्याच्या दिशेचा जो गुणांक इतरत्र इमारतींना ०.९ घेण्याची मुभा आहे, तो चक्रीवादळाच्या प्रदेशात १.० घ्यावा लागतो. त्यामुळे घरावरचा संकल्पित दाब सुमारे ११ टक्क्यांनी वाढेल. बर्फाचा कारखाना किंवा मासळीवर प्रक्रिया करणारी शेड घेतली तर वेगातील १.१५ चा वर्ग आणि हे ११ टक्के मिळून दाब सुमारे ४७ टक्क्यांनी वाढतो. शाळा आणि ग्रामीण रुग्णालय यांच्या बाबतीत ही वाढ ८८ टक्क्यांच्या घरात जाते. एकाच ओळीच्या बदलाचे तीन ठिकाणी असे तीन वेगळे परिणाम होतात, आणि त्यांची सरासरी काढून 'अमुक टक्के भार वाढेल' असे सांगणे सरळसरळ दिशाभूल करणारे ठरेल.

दाब ११ टक्क्यांनी वाढला म्हणजे घराचा खर्च ११ टक्क्यांनी वाढला, असेही नाही. परिणामांच्या मांडणीत सर्वांत जास्त घोटाळा याच ठिकाणी होतो. आपल्याकडचे नेहमीचे तळमजला अधिक एक-दोन मजल्यांचे आरसीसी घर घ्या. जांभ्याच्या भिंती, वर स्लॅब. अशा ठेंगण्या आणि वजनदार इमारतीत आडवा जोर बहुधा वाऱ्यापेक्षा भूकंपाचाच जास्त भरतो, कारण कोकणाचा बहुतांश भाग २०१६ च्या आयएस १८९३ या भूकंपाच्या मानकाप्रमाणे तिसऱ्या आणि काही भाग चौथ्या भूकंप-क्षेत्रात आहे. वाऱ्याचा दाब दहावा हिस्सा वाढला तरी जोपर्यंत भूकंपाचा हिशेब वरचढ आहे, तोपर्यंत कॉलमची एक सळईही वाढत नाही. वाढते ते छपराचे काम: पत्रा, त्याचे हूक, कैची, भिंतीशी असलेला जोड, आणि आवाराची उंच भिंत. म्हणून बदलाचा परिणाम इमारतीच्या एकूण खर्चावर न मांडता ज्या अवयवावर तो खरोखर पडतो, त्या अवयवावर मांडावा.

पत्र्याच्या छपराचा हिशेब इथे पूर्णच करून दाखवतो, कारण निसर्ग वादळात हर्णै-आंजर्ल्यापासून श्रीवर्धन-मुरुडपर्यंत सगळ्यात जास्त गेली ती छपरेच. नकाशातला मूलभूत वेग मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर आणि पणजीसाठी ३९ मीटर आहे. आपण उदाहरणासाठी ३९ धरू. समुद्रासमोरच्या उघड्या जागेचा गुणांक १.०५ लावला की वेग सुमारे ४१ मीटर होतो, आणि त्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण १००० न्यूटन, म्हणजे जवळपास १०० किलोग्रॅम भरतो. दिशेचा गुणांक ०.९ घेतला तर तो ९०० न्यूटनच्या थोडा वर राहतो. पातळ पत्र्याचे स्वतःचे वजन चौरस मीटरला ५ किलोच्या आसपास असते. तेव्हा छप्पर जागेवर ठेवण्याचे काम पत्र्याचे वजन करत नाही, ते फक्त हूक करतात. पर्लिन, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या, १.२ मीटरवर आणि हूक ६० सेंटीमीटरवर असतील, तर प्रत्येक हुकाच्या वाट्याला ०.७२ चौरस मीटर पत्रा येतो. छपराच्या मध्यभागी वर ओढणाऱ्या दाबाचा नक्त गुणांक १ धरला, तर आजच्या नियमाने त्या हुकावर सुमारे ६६ किलोची ओढ येते आणि प्रस्तावित बदलानंतर ७४ किलोची. फरक ८ किलोचा. आता त्याच छपराची पागोळीकडची कड आणि कोपरे पाहा. तिथे वारा वळसा घेताना ओढ फार वाढते. गुणांक २ धरला तर आजच्याच नियमाने हुकावर १३० किलोहून अधिक ओढ येते. म्हणजे ज्या ८ किलोंसाठी आपण संहिता बदलायला निघालो, त्याच्या आठपट फरक आजच्या संहितेत आधीच लिहिलेला आहे आणि प्रत्यक्ष छपरावर तो कुठेच उतरलेला नाही. मिस्त्री मध्यभागी आणि कडेला सारख्याच अंतरावर हूक मारत जातो, आणि कडेचे ओरबाडले गेले की पुढचे छप्पर पानासारखे उलटत जाते.

भिंतीशी असलेल्या जोडाचेही असेच आहे. सहा मीटर गाळ्याच्या छपरातून प्रत्येक बाजूच्या भिंतीवर मीटरभर लांबीत ३०० किलोच्या आसपास वर ओढणारा जोर येतो. छपराचे वजन वजा केले तरी अडीचशेच्या पुढे उरतो. जांभ्याच्या नऊ इंची भिंतीचा एक थर मीटरभर लांबीत साधारण ८० ते ९० किलोचा असतो. तेव्हा कैचीचा बोल्ट सगळ्यात वरच्या चिऱ्यात वीतभर रुतवून सिमेंट थापले, तर वारा छपराबरोबर तो चिराही उचलून नेतो. बोल्ट तीन-चार थर खाली गेला पाहिजे, किंवा भिंतीवर काँक्रीटचा सलग पट्टा घालून त्यात पकडला पाहिजे. हे कोणाला ठाऊक नाही असेही नाही. कमी उंचीच्या घरांची चक्रीवादळाला तोंड देण्याची क्षमता कशी वाढवावी, यावर आयएस १५४९८ हे मार्गदर्शक मानक २००४ पासून आहे. पण ते मार्गदर्शक आहे, गुजरात-आंध्रच्या संदर्भात वाचले जाते, आणि नगर परिषदेत परवानगीसाठी ठेवलेल्या नकाशावर त्यातले काही दिसत नाही.

म्हणूनच माझा सल्ला असा, की तुमची सूचना 'कोकणाचा समावेश करा' एवढ्यावर थांबवू नका. तिच्यासोबत दुसरी सूचना जोडा: पत्र्याच्या आणि कौलारू छपरांसाठी, गणित न करता वापरता येईल असा एक तक्ता संहितेत असावा, ज्यात कडेच्या पट्ट्याची रुंदी, त्या पट्ट्यातले हुकांचे अंतर, बोल्टची भिंतीतली खोली आणि वासे-रिपांचे जोड सरळ लिहिलेले असतील. अशा तक्त्याचा खर्च काय? एका घरामागे कडेच्या पट्ट्यात काही डझन जास्तीचे हूक आणि भिंतीत थोड्या लांबीचे बोल्ट. त्यातून वाचते ते अख्खे छप्पर, आणि त्याखालचे धान्य, विजेची जोडणी व अंथरूण-पांघरूण. पहिल्या सूचनेने दाब वाढेल. दुसरीने छप्पर टिकेल. मला निवड करावी लागली तर मी दुसरी आधी मागेन.

एक प्रश्न तुम्हाला हमखास विचारला जाईल, त्याचे उत्तर तयार ठेवा. निसर्गाचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर सांगितला गेला, म्हणजे सेकंदाला ३१ ते ३३ मीटर. संहितेतला ३९ चा वेग ताशी १४० किलोमीटर होतो. मग संहितेपेक्षा कमी वाऱ्यात छपरे गेली असतील तर संहिता पुरेशीच आहे, असे कोणी म्हणेल. यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. हवामान खाते चक्रीवादळाचा जो वेग सांगते तो ३ मिनिटांच्या सरासरीचा असतो, आणि संहितेतला वेग ३ सेकंदांच्या झोताचा आहे. वादळातले झोत सरासरीपेक्षा बरेच वर जातात, तेव्हा या दोन आकड्यांची थेट तुलना होत नाही. तरीही आक्षेपात तथ्य आहे हे मान्य करा, कारण कित्येक छपरे संहितेच्या मर्यादेच्या आतल्या वाऱ्यातच गेली असणार. ती संहितेप्रमाणे बांधलेलीच नव्हती. हे मान्य केल्याने तुमची बाजू दुबळी होत नाही. उलट तुमची तक्त्याची मागणी त्यावरच उभी राहते.

सगळेच बदल छपराच्या हुकाइतके स्वस्त नसतात, आणि परिणाम तोलण्याचा कस लागतो तो खरोखर खर्चाच्या बदलांत. खाऱ्या हवेचे उदाहरण घ्या. आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकात किनारी हवेत उघडे असलेले काँक्रीट 'तीव्र' स्थितीत धरले आहे. त्याला किमान एम ३० दर्जा आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचे आच्छादन, लागते. खाऱ्या हवेपासून आडोशाला असलेले काँक्रीट 'मध्यम' स्थितीत येते, त्याला एम २५ आणि ३० मिलिमीटर. आपल्याकडे मात्र घराच्या स्लॅबला सर्रास २० मिलिमीटरचेच कव्हर ब्लॉक लावले जातात, तेही लावले तर. १२५ मिलिमीटरच्या स्लॅबला २० ऐवजी ४५ चे कव्हर द्यायचे आणि तिची ताकद तेवढीच राखायची, तर जाडी १५० पर्यंत न्यावी लागते. स्लॅबचे काँक्रीट २० टक्क्यांनी वाढते, दर चौरस मीटरला ६२ किलो वजन वाढते, ते बीम-कॉलममधून पायापर्यंत उतरते, आणि वजन वाढले की भूकंपाचा जोरही वाढतो. एका कलमाचा बदल असा चार कलमांतून फिरून येतो. ज्या प्रस्तावात ही साखळी शेवटपर्यंत मोजलेली नाही, तो खर्च कमी दाखवतो.

पण दुसऱ्या पारड्यातही वजन टाका. समुद्रालगतच्या वस्तीत दहा-पंधरा वर्षांत स्लॅबचे पोपडे सुटून गंजलेल्या, फुगलेल्या सळया उघड्या पडलेल्या घरांची उदाहरणे कोणत्याही गावात मिळतात. खाडीची वाळू न धुता वापरली असेल तर गंज आतूनच सुरू होतो, आणि मग कव्हर कितीही दिले तरी उपयोग नाही. आरसीसी काँक्रीटमध्ये घनमीटरला ०.६ किलोपेक्षा जास्त क्लोराइड नसावे अशी मर्यादा संहितेत आहे, पण घर बांधणाऱ्याने ती तपासायची कुठे, याचे उत्तर तालुक्याच्या ठिकाणी सहज मिळत नाही. बदल न करण्याचा खर्च हा असा असतो. तो कोणाच्याही अंदाजपत्रकात नसतो आणि मालकाच्या माथी निवृत्तीच्या वयात येतो. प्रस्तावाच्या परिणामात हा खर्च त्याच वर्षांच्या हिशेबाने मांडला नाही, तर प्रत्येक सुधारणा महागच दिसणार.

याच कलमात कोकणासाठी कळीची एक अडचण आहे. 'किनारी हवा' समुद्रापासून किती अंतरापर्यंत, हे आयएस ४५६ सांगत नाही. अंतर ठरवा, अशी सूचना कोणीही करील, पण अंतर मोजायचे कुठून? भरतीचे पाणी वाशिष्ठीतून चिपळूणच्या जवळपर्यंत आत येते. समुद्रकिनाऱ्यापासून मोजले तर चिपळूण दूर आतल्या भागात पडते, खाडीच्या काठापासून मोजले तर गोवळकोटसारखी वस्ती पहिल्याच पट्ट्यात येते. किनारा नियमन क्षेत्राची २०१९ ची अधिसूचना खाडीची हद्द पाण्याच्या क्षारतेवरून ठरवते, सर्वांत कोरड्या काळात लिटरला ५ ग्रॅम क्षार, ही कसोटी तिच्यासाठी योग्य आहे. पण ती पाण्याची कसोटी आहे, हवेतल्या मिठाची नव्हे. उघड्या समुद्रावर लाटा फुटून जे तुषार उडतात, ते शांत खाडीच्या टोकाला उडत नाहीत. ती रेषा उचलून इथे लावली, तर खाडीकाठच्या हजारो घरांवर नको तेवढा खर्च लादला जाईल आणि समुद्रासमोरच्या टेकाडावरचे घर सुटेल. माझ्या मते समुद्र आणि खाडी यांना वेगवेगळी अंतरे असावीत, आणि घराच्या आतल्या व बाहेरच्या काँक्रीटमध्ये फरक राखावा. गच्ची, छज्जे, समुद्राकडचे कॉलम यांना ४५, आतल्या खोल्यांच्या स्लॅबला ३०. तेवढ्या फरकाने स्लॅबची जाडी १५० ऐवजी १३५ च्या आसपास राहते. बाहेरच्या अवयवांना एम ३५ वापरले तर संहिता कव्हरमध्ये ५ मिलिमीटरची सवलतही देते.

राष्ट्रीय इमारत संहिता मुळात शिफारसवजा आहे, हेही आक्षेपकांना समजावून सांगा. ती १९७० मध्ये प्रथम निघाली, १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये सुधारली गेली. ती बंधनकारक होते ती राज्याच्या नियमावलीतून. महाराष्ट्रात मुंबई आणि काही क्षेत्रे वगळून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली. म्हणजे संहिता आणि आयएस मानके काढणाऱ्या भारतीय मानक ब्युरोच्या समितीने आज कलम बदलले तरी ते परवानगीच्या नकाशापर्यंत यायला वर्षे जातात, आणि गावठाणात कर्ज न काढता, अभियंता न लावता बांधलेल्या घरापर्यंत ते कदाचित पोचतच नाही. तुमच्या मांडणीत हे लपवू नका. कोणत्या इमारतींपर्यंत बदल नक्की पोचेल (जिल्हा परिषदेच्या शाळा, घरकुल योजना, बँकेच्या कर्जाची घरे) आणि कोणत्यांपर्यंत पोचणार नाही, हे स्वच्छ लिहा. वादळानंतरची दुरुस्ती हा याच मुद्द्याचा भाग आहे. निसर्ग ३ जूनला आले आणि पाऊस दारात उभा होता. पत्रे मिळेनासे झाले होते, तेव्हा जे मिळेल ते, जसे जमेल तसे छपरावर चढले. दुरुस्तीच्या अनुदानाला हुकांच्या तक्त्याची अट जोडली, तर अशा घाईतही कडेचे हूक दुप्पट होऊ शकतील. ही सूचना संहितेच्या समितीकडे जात नाही, ती राज्याच्या मदत व पुनर्वसन विभागाकडे जाते. वेगळी पाठवा.

मांडणीच्या नमुन्यासाठी कॅनडाची पद्धत पाहण्यासारखी आहे. तिथली राष्ट्रीय संहिता १९४१ पासून आहे, आणि प्रत्येक प्रस्तावित बदल जनतेपुढे ठेवताना त्यासोबत अडचण काय आहे, बदल का हवा, खर्च व लाभाचे विश्लेषण, अंमलबजावणीवर होणारा परिणाम आणि कोणाकोणावर परिणाम होईल, हे लिहिलेले असते. आपल्या मानक ब्युरोच्या अभिप्रायाच्या नमुन्यात कलम क्रमांक, अभिप्रायाचा प्रकार, अभिप्राय आणि सुचवलेला बदल असे रकाने असतात. परिणामासाठी वेगळा रकाना नाही. तो तुम्ही जोडपत्रातून भरून काढा. अंमलबजावणीचा मुद्दा त्यात ठळक असू द्या: सुचवलेली तरतूद काँक्रीट ओतण्यापूर्वी किंवा पत्रा चढवल्यावर डोळ्यांनी व मोजपट्टीने तपासता येते का? कव्हर ब्लॉक तपासता येतो, हुकांचे अंतर तपासता येते, दिशेचा गुणांक तपासता येत नाही.

जोडपत्रासाठी तीन इमारती निवडा: जांभ्याच्या भिंतींचे पत्र्याचे घर, दोन मजली आरसीसी घर आणि पत्र्याची प्राथमिक शाळा. तिन्हींचे संकल्पन आजच्या नियमाने एकदा आणि प्रस्तावित नियमाने एकदा करा. सळई, काँक्रीट, लोखंडी काम आणि हूक यांची परिमाणे शेजारी शेजारी मांडा, दर जिल्हा दरसूचीचे घ्या आणि कोणत्या गृहीतकाला आकडा सर्वांत जास्त हलतो तेही लिहा. शाळेच्या बाबतीत वाढ मोठी येईल. ती दडवू नका, कारण वादळात गाव त्याच शाळेत आसऱ्याला जाते आणि तो खर्च सार्वजनिक निधीतून व्हायचा आहे. मच्छीमार सोसायट्यांचे बर्फाचे कारखाने ४७ टक्क्यांच्या वर्गात येतात, त्यांच्या संचालकांना मसुदा आधी दाखवा. विरोध करतील तर तो आधी तुमच्याकडे येऊ द्या. वाऱ्याचे मानक सीईडी ३७ या समितीच्या अखत्यारीत आहे आणि इमारत संहिता सीईडी ४६ च्या. पत्र दोन्हीकडे गेले पाहिजे, नाहीतर एक समिती दुसरीकडे बोट दाखवील. समितीने मसुदा जाहीर अभिप्रायासाठी काढेपर्यंत थांबू नका. मसुदा निघाल्यावर मिळणाऱ्या मुदतीत तीन इमारतींची दुहेरी संकल्पने नीट होत नाहीत, तेव्हा ते काम पावसाळ्यात, साइट बंद असताना, हाती घ्या.